प्रत्येक क्षारात कॅल्शियमच का सापडते?

वाचकाचे पत्र

"मी बारावी विज्ञान शाखेची विद्यार्थिनी आहे. आमचे कनिष्ठ महाविद्यालय चोपडा तालुक्यात आहे. प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली आहे आणि अज्ञात क्षार ओळखण्याचा प्रयोग मला अजून खात्रीने जमत नाही. कोणताही क्षार मिळाला तरी ज्योत पिवळीच दिसते, सिल्व्हर नायट्रेट टाकले की पांढरेच होते आणि धातू ओळखायच्या गटांपैकी पाचव्या गटात कॅल्शियम निघतेच. नायट्रेटचे तपकिरी वलय मात्र कधीच येत नाही. मैत्रिणी म्हणतात, क्षारांचे रंग आणि बाटल्यांचे क्रमांक पाठ कर, बाकी प्रयोग नुसता करून दाखवायचा असतो. आमच्याकडे द्रावण करायला नळाचे, म्हणजे बोअरचे पाणी वापरतात. ते चुकीचे आहे का, आणि असेल तर सरांना कसे सांगावे? शिवाय वडिलांनी केळीसाठी झिंक सल्फेट आणले आहे आणि शेजारचे काका म्हणतात की त्यात मॅग्नेशियम सल्फेट मिसळलेले असते. ते आम्हाला प्रयोगशाळेत तपासता येईल का?"

उत्तर

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या तक्रारीचे कारण तुझ्याच पत्रात आहे. क्षार दरवेळी वेगळा असतो आणि उत्तर मात्र दरवेळी तेच येते, याचा सरळ अर्थ असा की ते उत्तर क्षाराकडून येत नसून प्रयोगात जे बदलत नाही त्याच्याकडून येत आहे. न बदलणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: पाणी, परीक्षानळ्या, ज्योतीत धरायची तार, टेबलावरील अभिक्रियाकारकांच्या, म्हणजे चाचणीसाठी टाकायच्या रसायनांच्या, बाटल्या आणि तुझे हात. त्यांपैकी माझा पहिला संशय पाण्यावर आहे, कारण तू सांगितलेल्या चार लक्षणांपैकी दोन एकट्या पाण्यानेच उलगडतात.

खान्देशात ज्यांच्या घरी कूलर चालतो त्यांना बोअरच्या पाण्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. उन्हाळा संपेपर्यंत कूलरच्या गवतावर आणि जाळीवर पांढरी, खरखरीत पुटे चढतात. पाणी तापवायच्या कॉइलवरही तोच थर बसतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड सोबत घेते आणि खडकातील व चुनखडीच्या खड्यांतील कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून त्यांची बायकार्बोनेटे तयार करते. पाणी तापले किंवा आटले की त्यांचीच कार्बोनेटे होऊन खाली बसतात. याखेरीज अशा पाण्यात क्लोराइड असतेच आणि पुष्कळदा सल्फेटही असते. आता हेच पाणी घेऊन तू क्षाराचे द्रावण केलेस, तर अमोनियम ऑक्झॅलेट टाकताच पाण्यातील कॅल्शियमचा पांढरा अवक्षेप, म्हणजे न विरघळता खाली बसणारा साका, मिळणार, सिल्व्हर नायट्रेट टाकताच पाण्यातील क्लोराइड गढूळपणा आणणार आणि बेरियम क्लोराइड टाकल्यावर, सल्फेट असेल तर, तेथेही पांढरेच दिसणार. तू केलेली निरीक्षणे बरोबर आहेत आणि त्यांवरून काढलेले अनुमानही तर्काला धरून आहे; फक्त ते अनुमान क्षाराचे नसून तुमच्या बोअरच्या पाण्याचे आहे.

यावर उपाय प्रयोगशाळेत फार जुना आहे आणि माझ्या मते शालेय प्रात्यक्षिकात तो जवळजवळ कोणी करत नाही, हेच या प्रयोगाचे मोठे दुखणे आहे. प्रत्येक महत्त्वाच्या चाचणीच्या वेळी एकाऐवजी तीन परीक्षानळ्या घे. पहिलीत तुझ्या अज्ञात क्षाराचे द्रावण असेल. दुसरीत क्षार न घालता, ज्या पाण्याने द्रावण केले ते पाणी तेवढेच घे आणि त्यात तीच आम्ले व तेच अभिक्रियाकारक तितकेच थेंब मोजून टाक. हिला ब्लँक म्हणतात. तिसरीत ओळखीच्या क्षाराचे द्रावण घे, म्हणजे क्लोराइडची चाचणी असेल तर साध्या मिठाचे. दुसरी नळी नितळ राहिली, तिसरीत अवक्षेप आला आणि पहिलीतही तसाच आला, तरच क्लोराइड आहे असे लिही. दुसरी नळी गढुळली तर दोष पाण्यात किंवा बाटलीत आहे. तिसरीत काहीच झाले नाही तर अभिक्रियाकारक निकामी झालेला आहे आणि अशा बाटलीच्या भरवशावर पहिल्या नळीविषयी कोणतेच विधान करता येत नाही. वेळ जाईल अशी तुला भीती वाटेल, परंतु चुकीच्या गटात शिरून पुन्हा मागे येण्यात जो वेळ जातो त्याच्या मानाने हा फारच थोडा आहे.

पाण्याची सोय मात्र करायलाच हवी. ऊर्ध्वपातित पाणी महाविद्यालयात येतच नसेल, तर इन्व्हर्टरच्या आणि गाड्यांच्या बॅटरीत घालायचे पाणी गॅरेजमध्ये आणि पेट्रोलपंपावर कॅनमध्ये मिळते. ते चांगले असेल तर या कामाला पुरेसे आहे, पण लेबलवर विसंबून न राहता त्याच्या एका नमुन्यात नायट्रिक आम्लाचा थेंब व सिल्व्हर नायट्रेट आणि दुसऱ्यात अमोनियम ऑक्झॅलेट टाकून दोन्ही नितळ राहतात का ते आधी पाहावे. पिण्याच्या जारमधील आरओचे पाणी बोअरच्या पाण्यापेक्षा बरे असते, तरी त्यात थोडे क्षार उरतात. परीक्षानळ्या बोअरच्या पाण्याने धुतल्या तरी चालतील, शेवटची खळबळ मात्र चांगल्या पाण्याची हवी. परीक्षेच्या दिवशी यांपैकी काहीच मिळाले नाही, तर अवक्षेपाचे मान पाहून निर्णय घ्यावा लागेल. खऱ्या क्लोराइड क्षारात सिल्व्हर नायट्रेटने दह्याच्या कवडीसारखा दाट पांढरा अवक्षेप येतो आणि तो अमोनियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो. पाण्यातल्या क्लोराइडने सहसा नुसता दुधी धूसरपणा येतो. ब्लँक शेजारी धरलेली असेल तर हा फरक डोळ्यांना लगेच कळतो.

सरांना कसे सांगावे, याचेही उत्तर त्या दुसऱ्या नळीत आहे. "आपले पाणी चुकीचे आहे" असे वाक्य घेऊन जाऊ नकोस. वर्ग भरलेला असताना, परीक्षा तोंडावर असताना कोणत्याही शिक्षकाला ते दोषारोपासारखे लागेल, आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा खर्च मंजूर करणे बहुतेक वेळा त्यांच्या हातात नसते. प्रात्यक्षिकाचा तास संपत आल्यावर गढुळलेली ब्लँक हातात घेऊन जा आणि विचार, "सर, यात मी क्षार घातलाच नाही, तरीही ऑक्झॅलेटने पांढरे झाले, हे कशामुळे असेल?" रसायनशास्त्र शिकवणारा माणूस ती नळी पाहून कारण लगेच ओळखेल आणि पुढची व्यवस्था तोच सुचवील. तुकडीतील सर्वांनी मिळून बॅटरीच्या पाण्याचा एक कॅन आणण्याची तयारी त्याच वेळी दाखवलीस, तर अडचण आणि तोड दोन्ही एकदमच त्यांच्यापुढे जातील.

आता पिवळ्या ज्योतीकडे येऊ. येथे पाण्याचा वाटा थोडा आणि तार व हात यांचा अधिक आहे. सोडियमची ज्योत अतिशय संवेदनशील असते. बन्सेन आणि किर्खोफ यांनी 1860 च्या सुमारास वर्णपटाच्या साहाय्याने मूलद्रव्ये ओळखायला सुरुवात केली, तेव्हा हवेतील धुळीबरोबर येणारे सोडियमसुद्धा त्यांना ज्योतीत दिसत होते. सोडियमचा तो पिवळा प्रकाश सुमारे 589 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि माणसाचा डोळा त्या पट्ट्यात चांगलाच तीक्ष्ण असल्यामुळे इतर रंग त्याखाली झाकले जातात. घामेजलेल्या बोटांनी तारेचे टोक धरले तरी एवढे सोडियम सहज लागते. तारेऐवजी काचकांडी वापरत असाल तर अडचण आणखी वाढते, कारण साध्या काचेतच सोडियम असते आणि कांडी तापली की ती स्वतःच पिवळी ज्योत देते.

म्हणून तार प्लॅटिनमची असो वा नायक्रोमची, ती संहत हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरावी आणि ज्योतीला रंग येईनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. त्यानंतर घड्याळकाचेवर क्षाराची चिमूट त्याच आम्लाच्या एकदोन थेंबांत कालवून ती पेस्ट तारेच्या टोकावर घ्यावी. क्लोराइडे इतर क्षारांपेक्षा लवकर बाष्परूप होतात, म्हणून रंग स्पष्ट येतो. ज्योतीच्या कडेच्या निळसर भागात तार धरताच पहिल्या क्षणी कोणता रंग चमकतो तेथे नजर ठेव. कॅल्शियमचा विटकरी लाल, स्ट्रॉन्शियमचा गडद किरमिजी, बेरियमचा सफरचंदी हिरवा आणि तांब्याचा निळसर हिरवा रंग पिवळ्याच्या आधी किंवा त्याच्या कडेने दिसून जातो. पोटॅशियमचा फिकट जांभळा मात्र पिवळ्याखाली पूर्ण लपतो. त्यासाठी कोबाल्टच्या निळ्या काचेतून पाहायचे असते, कारण ती काच पिवळा प्रकाश शोषून घेते. केवळ पिवळी ज्योत दिसली म्हणून सोडियम लिहिणे मला मान्य नाही. सर्व गट रिकामे गेले असतील, अमोनियमही नसेल, आणि स्वच्छ केलेल्या तारेवर झगझगीत पिवळी ज्योत बराच वेळ टिकत असेल, तरच ते अनुमान पक्के होते.

नायट्रेटचे वलय न येण्याचे कारण पुष्कळदा फेरस सल्फेटच्या बाटलीत असते. फेरस सल्फेट म्हणजे आपला हिराकस. त्याचे द्रावण हवेत राहिले की फेरस लोहाचे फेरिक, म्हणजे अधिक ऑक्सिडीकृत, लोह होऊन ते पिवळट-तपकिरी पडते आणि मग त्याने वलय येत नाही. वलय बनते ते असे: संहत सल्फ्युरिक आम्लाच्या सान्निध्यात फेरस आयन नायट्रेटचे नायट्रिक ऑक्साइडमध्ये क्षपण करतो आणि तो वायू उरलेल्या फेरस आयनाशी जोडला जाऊन तपकिरी संयुग तयार होते. तेव्हा बाटलीतील जुने द्रावण न घेता हिरव्या, स्वच्छ स्फटिकांवरचा तपकिरी थर धुऊन टाक आणि विरल सल्फ्युरिक आम्लाचा एखादा थेंब घातलेल्या पाण्यात ते त्याच वेळी विरघळव. क्षाराचे द्रावण थंड असले पाहिजे. दोन्ही द्रावणे एकत्र केल्यावर परीक्षानळी तिरपी धरून संहत सल्फ्युरिक आम्ल भिंतीवरून अगदी हळू सोड, म्हणजे ते जड असल्यामुळे तळाशी जाऊन वेगळा थर करील आणि दोन थरांच्या सीमेवर वलय दिसेल. नळी हलवली किंवा घाईने आम्ल ओतले तर सारे मिसळून तापते आणि वलय नाहीसे होते. तिसऱ्या नळीसाठी पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा, घे. ब्रोमाइड किंवा आयोडाइड असेल तर ही चाचणी फसवी ठरते, म्हणून संहत आम्लाच्या चाचणीत तांबूस वा जांभळी वाफ दिसली आहे का, हे आधी तपासावे. नायट्रेटसाठी तांब्याचा कीस आणि संहत सल्फ्युरिक आम्ल यांनी येणारा तपकिरी वायू हा दुसरा पुरावा हाताशी ठेवावा.

क्लोराइड, सल्फेट यांसारख्या ऋण आयनांच्या चाचण्यांतील आणखी दोन फसगती सांगाव्याशा वाटतात, कारण त्या पाण्याच्या फसगतीच्याच जातीच्या आहेत, म्हणजे आपणच आत काही घालतो आणि नंतर तेच शोधून काढतो. सिल्व्हर नायट्रेटच्या आधी द्रावण नायट्रिक आम्लानेच आम्लधर्मी करायचे असते. हायड्रोक्लोरिक वापरलेस तर क्लोराइड तू स्वतःच घातलेस. त्याच न्यायाने बेरियम क्लोराइडच्या आधी सल्फ्युरिक आम्ल चालत नाही. दुसरी गोष्ट सोडियम कार्बोनेटच्या निष्कर्षाची, म्हणजे क्षार सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात उकळून गाळून घेतलेल्या द्रावणाची. त्यात कार्बोनेट भरपूर असते, म्हणून बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत आम्ल घातले नाही तर सिल्व्हर कार्बोनेट किंवा बेरियम कार्बोनेट खाली बसते आणि आपण क्लोराइड किंवा सल्फेट मिळाल्याच्या आनंदात राहतो. या निष्कर्षावरून कार्बोनेटची चाचणी अर्थातच करायची नाही, ती मूळ क्षारावर करायची. चुन्याची निवळी दुधी झाली एवढ्यावरही कार्बोनेट लिहू नये, कारण सल्फाइटपासून निघणारा सल्फर डायऑक्साइडही ती दुधी करतो. जळत्या गंधकासारखा उग्र वास आहे का आणि आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटने भिजवलेला कागद हिरवा होतो का, यावरून दोघांतील भेद ठरतो.

धन आयनांच्या, म्हणजे मुख्यतः धातूंच्या, गटांविषयी तू काही विचारलेले नाहीस, तरी कॅल्शियमच्या निमित्ताने थोडे लिहिणे भाग आहे. गटांची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रेझेनियस यांनी रूढ केली आणि तिचा सारा आधार क्रमावर आहे. पाचव्या गटाचे अमोनियम कार्बोनेट सुरुवातीलाच टाकले तर शिसे, लोह, जस्त, बेरियम असे अनेक आयन एकाच वेळी खाली बसतील आणि त्यांतून काहीच कळणार नाही. म्हणून प्रत्येक गटाचा अभिक्रियाकारक अशा परिस्थितीत वापरतात की त्या गटाच्या आयनांचाच अवक्षेप यावा आणि पुढच्या गटांचे आयन द्रावणात राहावेत. अमोनियम हायड्रॉक्साइडच्या आधी अमोनियम क्लोराइड घालतात ते याचसाठी. द्रावणात आधीच असलेला अमोनियम आयन अमोनियम हायड्रॉक्साइडचे विघटन दाबतो; या समान आयन परिणामामुळे हायड्रॉक्साइड आयनांचे प्रमाण इतके उतरते की लोह, ॲल्युमिनियम आणि क्रोमियम यांची हायड्रॉक्साइडे बसतात, पण मॅग्नेशियमचे बसत नाही. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

या क्रमामुळेच अमोनियमची चाचणी सर्वांत आधी आणि मूळ क्षारावर करणे अपरिहार्य ठरते. तिसऱ्या गटापासून पुढे आपणच द्रावणात अमोनियमचे क्षार ओतत जातो. क्षारात सोडियम हायड्रॉक्साइड घालून नळी सावकाश तापव, तोंड कोणाकडेही रोखलेले नको, आणि ओला तांबडा लिटमस नळीच्या काठाला न टेकवता वाफेत धर. काठाला टेकवला तर तेथे उडालेल्या सोडियम हायड्रॉक्साइडनेच तो निळा होतो आणि मग अमोनियमही प्रत्येक क्षारात सापडू लागते.

दुसऱ्या गटात हायड्रोजन सल्फाइड वापरला असेल, तर तिसऱ्या गटाकडे जाण्यापूर्वी द्रावण उकळून तो वायू पूर्ण घालवावा लागतो. त्यानंतर संहत नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घालून पुन्हा उकळावे, म्हणजे फेरसचे फेरिक होते. फेरस हायड्रॉक्साइड अमोनियम क्लोराइडच्या उपस्थितीत नीट खाली बसत नाही आणि ही पायरी गाळली की लोह हातातून निसटते. हायड्रोजन सल्फाइड विषारी आहे आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वास येईनासा होतो, म्हणून हा वायू तयार करायच्या किपच्या उपकरणाशी जे काही काम असेल ते खिडकीजवळ किंवा धूर-कपाटात आणि सरांच्या देखरेखीखालीच करावे.

पाचव्या गटात बेरियम, स्ट्रॉन्शियम, कॅल्शियम या क्रमानेच चाचण्या घ्याव्यात. अमोनियम ऑक्झॅलेट या तिघांचाही पांढरा अवक्षेप देऊ शकते. तू थेट ऑक्झॅलेट टाकत असशील तर बेरियमचा क्षारसुद्धा तुला कॅल्शियम म्हणून दिसेल, मग पाणी कितीही शुद्ध असो. गटाचा अवक्षेप ॲसिटिक आम्लात विरघळवून प्रथम पोटॅशियम क्रोमेट टाक. पिवळा अवक्षेप आला तर बेरियम. आला नाही तर द्रावणाच्या नव्या भागात अमोनियम सल्फेट टाकून स्ट्रॉन्शियम पाहा आणि तेथेही काही आले नाही तरच कॅल्शियमकडे वळ. मॅग्नेशियमच्या चाचणीत डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट टाकल्यावर लगेच काही दिसले नाही, तर काचकांडीने नळीची आतली भिंत घासून थोडे थांब. तो स्फटिकरूप अवक्षेप उशिरा येतो.

मैत्रिणींच्या सल्ल्याविषयी फार लिहीत नाही. रंग पाठ करायला हरकत नाही, त्याचा उपयोगही आहे: निळा क्षार पाहून तांबे, फिकट हिरवा पाहून फेरस किंवा निकेल, गुलाबी पाहून कोबाल्ट ही पहिली शंका योग्यच असते, आणि पांढऱ्या क्षारात ही मंडळी बहुधा नसतात. मात्र बहुसंख्य क्षार पांढरेच असल्यामुळे रंगाची मदत तेथेच संपते. शिवाय मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, तापवून त्यातील पाणी घालवले तर तेही पांढरे पडते. बाटल्यांचे क्रमांक हे परीक्षकांना एका सकाळीत बदलता येतात. वहीत लिहिलेली निरीक्षणे आणि शेवटचे उत्तर यांचा मेळ नसेल, तर ते परीक्षकांच्या नजरेतून सुटत नाही. उत्तर चुकले पण निरीक्षणे जशी दिसली तशीच लिहिलेली आहेत, अशी वही मला तरी अधिक गुणांची वाटते.

आता झिंक सल्फेट. हो, तपासता येईल, आणि तुझ्या गावात हा प्रश्न एकट्या तुझ्या घरचा नसावा. केळीला जस्त देतात, कपाशीवर लाल्या, म्हणजे पाने लाल पडणे, दिसला की मॅग्नेशियम सल्फेट फवारतात, आणि दोन्हींचे पांढरे स्फटिक डोळ्यांना सारखेच दिसतात. मॅग्नेशियम सल्फेट स्वस्त पडते, म्हणून काकांची शंका निराधार नाही. मात्र हे काम घरी करू नकोस. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड तापवावे लागत नसले तरी ते डोळ्यांना आणि त्वचेला घातक आहे, शिवाय शेडमधील इतर खतांवर आम्ल ओतून किंवा ती तापवून पाहण्याचा मोह तेथे होऊ शकतो. नायट्रेट असलेली खते तापवणे तर उघड धोक्याचे आहे. पिशवीतून चमचाभर नमुना कोरड्या पुडीत घे, पुडीवर नाव लिही आणि सरांची परवानगी घेऊन प्रयोगशाळेत ने. शक्य असेल तर प्रयोगशाळेतील शुद्ध झिंक सल्फेट आणि शुद्ध मॅग्नेशियम सल्फेट यांची द्रावणेही तयार ठेव, म्हणजे तिसऱ्या नळीचे काम ती करतील.

ऊर्ध्वपातित पाण्यात नमुन्याचे विरल द्रावण करून त्यात सोडियम हायड्रॉक्साइड थेंबथेंब टाक. जस्त असो वा मॅग्नेशियम, सुरुवातीला पांढरा, चिकसर अवक्षेप येईल. टाकणे चालू ठेव. झिंक हायड्रॉक्साइड जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळून द्रावण नितळ होते, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड काही केल्या विरघळत नाही. मिश्रण असेल तर अवक्षेप काही अंशी विरघळून उरलेला तसाच राहील. तो गाळून, धुऊन, विरल हायड्रोक्लोरिक आम्लात घे आणि त्यात अमोनियम क्लोराइड, अमोनियम हायड्रॉक्साइड व डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट याच क्रमाने टाक, म्हणजे मॅग्नेशियमचा पांढरा स्फटिकी अवक्षेप मिळेल. उरलेला भाग तपकिरी दिसला तर त्यात लोहही असू शकते. गाळून आलेल्या द्रावणात जस्त खरोखर आहे का, हेही पाहिले पाहिजे, कारण ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइडसुद्धा जादा सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळते. त्या द्रावणात हायड्रोजन सल्फाइड सोडल्यावर पांढरा अवक्षेप आला तर जस्त नक्की. येथेही बोअरचे पाणी वापरलेस तर पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम न विरघळणाऱ्या अवक्षेपात भर घालतील आणि एखाद्या निर्दोष पिशवीवर आळ येईल, तेव्हा ब्लँकशिवाय ही तपासणी मुळीच करू नये.

या तपासणीने मॅग्नेशियम आहे की नाही एवढे कळते, जस्त किती टक्के आहे ते कळत नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे सात रेणू स्फटिकजल असलेल्या झिंक सल्फेटमध्ये जस्त किमान 21 टक्के आणि एक रेणू असलेल्यात किमान 33 टक्के असावे लागते. ते ठरवण्यासाठी खत चाचणी प्रयोगशाळाच हवी. तुझ्या नळीत भेसळ दिसलीच तर दुकानदाराशी भांडायला जाण्याआधी वडिलांना पावती जपून ठेवायला सांग. फोडलेल्या पिशवीवरील बॅच क्रमांक आणि उत्पादनाचा महिना लिहून घे आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात किंवा पंचायत समितीच्या कृषी विभागात तक्रार द्या. खत निरीक्षक दुकानातील त्याच बॅचच्या न फोडलेल्या पिशव्यांतून नमुना घेतात, म्हणून त्या दुकानात शिल्लक आहेत तोवर तक्रार पोचणे सोयीचे ठरेल.